कुणाच्याही हातचं नाही

मी त्या बेटाचं नाव सांगणार नाही. तिथे सत्तर-ऐंशी घरं आहेत आणि मी तिथे कशी वागले हे त्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. नाव सांगितलं तर मी कोण हेही लगेच कळेल. अंदमानच्या नकाशात मोठ्या बेटांच्या आजूबाजूला बारीक ठिपके दिसतात, त्यातला एक, एवढं पुरे.

आधी माझा स्वभाव सांगते. मी नाशिकला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासायचं काम करते. पेटीत एक मणी जरी चिरलेला गेला तरी तो बाकीच्यांना घेऊन बुडतो, म्हणून घड हातात आला की उलटा करायचा, आतून देठाजवळ बघायचं. बारा वर्षं हे केल्यावर माणसंही मी उलटी करूनच बघायला लागले. रिक्षावाला सरळ रस्त्याने नेत असला तरी मी मध्येच विचारते, इकडून का घेतली. नवरा म्हणतो, तुला कुणी प्रसाद दिला तरी तू आधी वास घेशील. घेतेच मी. त्यात काही चुकतंय असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

मुलीच्या बाबतीत तर विचारूच नका. लग्नानंतर नऊ वर्षांनी ती झाली, तीही सातव्या महिन्यात. पोटाची कायम नाजूक. साडेतीन वर्षांची होईपर्यंत दोनदा तिला सलाईन लावावं लागलं होतं, आणि दोन्ही वेळा मी दवाखान्याच्या बाकावर बसून एकच ठरवलं होतं, की यापुढे हिच्या पोटात काय जातं ते फक्त मी ठरवणार. माझ्या सासूबाईंनासुद्धा मी विचारल्याशिवाय तिला बिस्कीट देऊ देत नसे. त्या रुसल्या, मी रुसू दिलं.

नवरा त्या बेटावर बोटीसाठी नवा धक्का बांधायच्या कामावर इंजिनिअर म्हणून गेला होता. आठ महिने झाले तरी त्याचं परत येणं पुढे-पुढेच चाललेलं. मुलगी फोनमधल्या बापाशी बोलायची आणि फोन बंद झाला की तो मागे लपलाय का ते बघायची. एप्रिलमध्ये द्राक्षांचा हंगाम आटोपला, तसं मी ठरवलं, आपणच जायचं, महिनाभर राहायचं.

माझ्या आईने तयारी केली. ती मखमलाबादच्या बाजूला राहते, अजूनही रोज सकाळी शेवंतीच्या वाफ्यात असते. तिने शेंगदाण्याचे गूळ घालून लाडू केले आणि मोठा डबा गच्च भरून माझ्या हातात दिला. “तिकडं कोण कसं हाय, आपल्याला काय माहिती,” ती म्हणाली. “पोरीला कोणाच्या हातचं काई देऊ नको. या लाडवांना महिनाभर काई होत नाय.” तिने सांगायची गरजच नव्हती. मी स्वतःच भाजलेला रवा, मुगाची डाळ, मेतकूट, पाणी गाळायचं फडकं असं सगळं भरलं होतं. विमानतळावर बॅग तपासणाऱ्या बाईने विचारलं, दुकान टाकताय का.

दोन विमानं, मग एक जहाज, मग एक लहान बोट. बोट टेकली, नवरा दिसला, मी मुलीला त्याच्याकडे द्यायला उचललं, आणि मध्येच दुसरेच दोन हात आले. साठीची एक बाई, अंगात मॅक्सी, खांद्यावर टॉवेल, पाय चिखलात. तिने माझी मुलगी अलगद काढून घेतली, कडेवर टाकली आणि चालायला लागली. काही बोलणं नाही, विचारणं नाही. मी ओरडणार, तर नवरा हसून म्हणाला, “अगं, शेजारची मौसी आहे. इथे असंच असतं.”

असंच म्हणजे कसं, हे मला पुढच्या दोन दिवसांत कळलं. बेटावर बाहेरचं मूल आलं की ते प्रत्येक घरात जायचं आणि प्रत्येक घरात निदान एक घास खायचं. माणसं तिथे वेगवेगळ्या मुलखांतून आणून वसवलेली, कुणाची घरची भाषा बंगाली, कुणाची तेलुगू, कुणाची आणखी काही, आणि एकमेकांशी बोलायला सगळ्यांची मिळून एक हिंदी. पण या एका गोष्टीत सगळे एक होते. येता-जाता कुणीही माझ्या मुलीला उचलायचं, घरात न्यायचं, भरवायचं. एकदा केळीच्या पानात बांधलेला भात, एकदा ज्याचा साबुदाणा करतात तो कंद उकडून, एकदा नारळाच्या दुधातली खीर. आणि माझी मुलगी, जी नाशिकला आजीच्या हातचा वरणभात खाताना तोंड फिरवते, ती जाऊन खात होती.

माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकं प्रेम कुणी फुकट करत नाही. आठ महिन्यांत नवऱ्याने या लोकांचं काय करून ठेवलंय, की यांना त्याच्याकडून काही हवंय? धक्क्याच्या कामावर कुणाला लावून घ्यायचंय? मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, कामावर जे लागायचे ते केव्हाच लागलेत. मग का, असं मी विचारलं. त्याने खांदे उडवले. त्याला खरंच माहीत नव्हतं, पण मला वाटलं तो काहीतरी लपवतोय. मी मौसीच्या घराकडे बघत बसायची. ती दिवसातून तीन-चारदा आमच्या अंगणात डोकावायची, मुलीला हाक मारायची, आणि मी दारात दिसले की हसून मागे फिरायची. हसून मागे का फिरते, हेही मी मनात लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी ती सरळ घरात आली. मी मुलीला लाडू देत होते. मौसीने डब्यात वाकून बघितलं, डबा उचलून नाकाशी नेला आणि म्हणाली, “इसमें सीलन लग गई. फेंक दो. यहाँ मूँगफली नहीं टिकती.”

मी डबा तिच्या हातातून ओढूनच घेतला. माझ्या आईचे लाडू फेकून दे म्हणणारी ही कोण? आमचे फेकायचे म्हणजे मग पोरीला तिच्याकडचं खावं लागेल, हाच तर डाव नव्हे? एक मात्र मला तेव्हाही जाणवलं होतं आणि मी ते बाजूला सारलं. त्या हवेत मीठ बरणीत पाणी होऊन बसत होतं, कपडे तीन दिवस वाळत नव्हते. गुळाला पाणी सुटणारच होतं. पण मी नाशिकची. आमच्याकडे मे महिन्यात कपडा दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. लाडू महिनाभर टिकतात म्हणजे टिकतात.

त्याच संध्याकाळी मी मुलीला समोर बसवून सांगितलं. “कुणाच्याही हातचं खायचं नाही. कुणीही उचललं तर जायचं नाही. ओरडायचं.” तिने विचारलं, मौसीकडे पण नाही? मी म्हटलं, मौसीकडे तर मुळीच नाही.

दोन दिवसांनी दुपारी मुलगी अंगणातून आली ती ओठांना खीर लावूनच. मी तिचं तोंड पुसलं, एक धपाटा घातला आणि तिचं ठरलेलं खाणं म्हणून एक लाडू हातात दिला. तिने चावला आणि म्हणाली, “कडू लागतंय.” मी म्हटलं, “गुपचूप खा. आजीने केलाय.” तिने खाल्ला.

तासाभरात उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब, मग अंग तापलं. तिला घेऊन मी उन्हातून धावत आरोग्य केंद्रात गेले. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येणारे, बाकी दिवस एक सिस्टर. तिने मुलीला झोपवलं, सलाईन लावलं. त्या एवढ्याशा हातात सुई जाताना मी तिचा दुसरा हात दाबून धरला. मौसी मागोमाग आली, दारात उभी राहिली. आणि मी, दहा-बारा माणसं जमलेली असताना, तिच्याकडे बोट करून म्हणाले, “इसने खिलाया. इसी ने कुछ खिलाया है. मेरी बेटी को फिर कभी हाथ मत लगाना.” मग मुलीकडे वळून मराठीत, म्हणजे तिला नीट कळावं म्हणून, “बघितलंस? तिने दिलं म्हणून तुझं पोट दुखतंय.”

मौसीने खांद्यावरचा टॉवेल काढून हात पुसले, नसलेलं काहीतरी पुसावं तसे, आणि ती गेली.

सिस्टरने शांतपणे विचारलं, सकाळपासून काय-काय खाल्लं. मी सांगितलं. धक्क्यावरून धावत आलेल्या माझ्या नवऱ्याला तिने घरी पाठवून सगळं आणायला लावलं, आणि लाडवांचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. वरचे दोन-तीन बाहेरून बरे दिसत होते. खालच्या सगळ्यांना पांढरी-हिरवी बुरशी आली होती. काही आतून काळे पडले होते. वास अख्ख्या खोलीत पसरला. मौसीची ती खीर त्याच दुपारी त्याच पातेल्यातून आणखी पाच मुलांनी खाल्ली होती. त्यातली दोन तिथेच खिडकीत लोंबकळून आमची गंमत बघत होती.

बारा वर्षांत मी कुणाचा घड उलटा केल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही, आणि आईचा डबा मी एकदाही तळापर्यंत बघितला नव्हता. त्याची लाज मला आजही वाटते, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी लाजेच्या आधी राग आला होता. आईवर नाही, लाडवांवर नाही. मौसीवर. तिचं बरोबर निघालं याचा.

मुलगी तीन दिवसांत सावरली. त्या तीन दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. आमच्या अंगणात कुणी येईना. भांडण नाही, टोमणा नाही. रस्त्यात भेटले की हसायचे, तब्येत विचारायचे, पण मुलगी जवळ आली की हात मागे घ्यायचे. एका म्हाताऱ्याने तर दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तिला वाट दिली. मला हवं होतं तेच झालं होतं. मग मला ते इतकं का खुपत होतं?

शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा सिस्टरला विचारलं, हे लोक परक्या मुलांना भरवतात तरी का. ती हातमोजे काढता काढता सांगू लागली. पूर्वी एकदा समुद्र आत आला होता, तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ, आईबाप कुणी बोटीवर, कुणी वाडीत, पोरं भलत्याच ठिकाणी. पळायला वेळ होता तो टेकडीपर्यंत जेमतेम पोचण्याइतका. जो जवळ होता त्याने जवळचं मूल उचललं. जी मुलं ओळखीची होती ती गुमान गेली. जी बुजरी होती ती हातातून निसटली, आई आई करत खाली पळाली. “आणि एक आई मुलासाठी उलटी धावली,” सिस्टर म्हणाली. “तिचं मूल तोवर वर पोचलं होतं.” तेव्हापासून ठरलंय. भोंगा झाला की कुणी मागे फिरायचं नाही, मूल जवळच्या माणसाच्या हातात. आणि त्यासाठी मुलाला प्रत्येक हात माहीत पाहिजे. मुलाला हात कसा माहीत होणार? खाऊनच.

मी घरी आले आणि ठरवलं, मौसीची माफी मागायची. आज नको, उद्या मागू. उद्या आला तेव्हा ती घरी नव्हती, म्हणजे असेलही, मी नीट बघितलं नाही. मुलीला मात्र सांगितलं, की तुझं पोट लाडवांनी दुखलं, मौसीने नाही. तिने माझ्याकडे बघितलं. “लाडू आजीचे होते,” ती म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवसाची सकाळ. सार्वजनिक नळाला तासभर पाणी येतं, म्हणून मी मुलीला ओसरीवर खेळत ठेवून हंडा घेऊन गेले. घर तिथून शंभर-दीडशे पावलांवर, पण झाडांमुळे दिसत नाही. माझा नंबर लागायला आला आणि भोंगा वाजला.

बायकांनी हंडे जिथल्या तिथे ठेवले आणि टेकडीकडे वळल्या. मी घराकडे वळले. दोन पावलं टाकली असतील, एकीने माझं कोपर घट्ट धरलं. “ऊपर. कोई ले आएगा उसको.” मी तिच्याकडे बघितलं, झाडांकडे बघितलं. आणि मी वर धावले.

हे मी अनेकांना सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही फार उशिरा सांगितलं. मी धावले, कारण मला खात्री होती की कुणीतरी तिला उचललं असेल. ज्या माणसांना मी माझ्या मुलीला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, त्यांच्यावर माझा त्या एका मिनिटात पूर्ण विश्वास होता.

टेकडीवर शाळा आहे. धापा टाकत पोचले तेव्हा हेडमास्तर घराघराने नावं घेत होते. धक्क्यावरची माणसं आली, नवरा आला. त्याने मला एकटीला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी गर्दीत प्रत्येकाच्या कडेवर बघत फिरले. प्रत्येक कडेवर कुणाचं ना कुणाचं मूल होतं. हेडमास्तरांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, दोन कमी. कुठले दोन, हे त्यांनी विचारलं नाही, सगळे माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी सांगितलं, घाबरू नका, सराव होता. महिन्यातून एकदा न सांगता घेतो.

मी उतारावरून कशी खाली आले ते आठवत नाही. मुलगी ओसरीवरच होती. दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून, रडून लाल झालेली. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, खाली मातीत, मौसी बसली होती. तिच्या मनगटावर दातांचे व्रण होते, त्यातून रक्त आलेलं.

“नहीं आई,” मौसी म्हणाली. “बहुत बोला. खींचा भी. काट लिया. फिर मैं भी बैठ गई.”

आणि तेव्हाही, काय सांगू, तेव्हाही मी तिला विचारलं, की सराव आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?

“भोंगा तो एक ही है,” ती म्हणाली. उठली, मॅक्सीची माती झटकली, घरी गेली.

मी तिथेच बसून रडले. मग तिच्या दारात गेले, तिचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले आणि मला उठवून चुलीजवळ बसवलं. भात होता, माशाची आमटी होती. मी म्हटलं, मला भरवा. तिला वाटलं मी वेडी झालेय, पण तिने भरवलं.

उरलेले अठरा दिवस मी रोज एकेका घरात गेले. मुलीला शेजारी बसवायचं आणि दुसऱ्याच्या हातचा घास तिच्यासमोर खायचा. सगळ्यांनी भरवलं, त्या हात बांधणाऱ्या म्हाताऱ्यानेही. मुलीसाठीही प्रत्येक जण एक घास पुढे करायचा आणि प्रत्येक वेळी ती ओठ आत ओढून घ्यायची. तिला कुणी आग्रह केला नाही. ती माझं चावणं, गिळणं टक लावून बघायची, घरी आल्यावर माझ्या पोटावर हात ठेवून बघायची. आईचं पोट दुखतंय का, ताप आहे का. रोज नाही म्हणून सांगत होते.

निघायच्या आदल्या दिवशी मौसीकडे शेवटचं जेवले. पोटभर, दोनदा मागून घेतलं. परत येताना मुलगी माझं बोट धरून चालत होती. मी मुद्दाम थांबले, खाली बसले आणि तिला म्हटलं, “बघ, मी इतके दिवस सगळ्यांच्या हातचं खाल्लं. मला काही झालं का?”

तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

“उद्या होईल,” ती म्हणाली.